डाव्या जबड्याला दोन हात जास्त

माणसाचा स्वभाव मला चेहऱ्यावरून कळतो, असा माझा दावा नाही. मला चेहऱ्याचा आकार कळतो, तेवढंच. पण इतकी वर्षं या खुर्चीमागे उभी राहून एक सांगते: गोल चेहऱ्याचा माणूस खोटं बोलला तरी ते खरं वाटतं, आणि लांबट चेहऱ्याचा खरं बोलला तरी लोक दोनदा विचारतात. म्हणून मी दोघांवरही विश्वास ठेवत नाही. घरचे मला संशयी म्हणतात. म्हणू देत. संशयी बाईच्या घरात दूध उतू जात नाही.

बातम्यांच्या चॅनेलवर मी मेकअप करते, संध्याकाळची पाळी. स्टुडिओच्या मागे एक अरुंद खोली, भिंतभर आरसा, आरशाभोवती दिवे, आणि एक खुर्ची, जी वर झटकन जाते पण खाली यायला कुरकुर करते. इथे सगळे मला मावशी म्हणतात. संपादकही म्हणतात, आणि ते माझ्याहून वयाने चांगले मोठे आहेत.

आमचं काम म्हणजे सरळसरळ लबाडी, पण मापातली. कॅमेरा चेहरा चपटा करतो, मग आपण त्याला रंगाने उंचसखल करायचं. दाबायचं तिथे गडद, उठवायचं तिथे फिकं. गोल चेहरा आला की कानशिलापासून गालाच्या हाडाखालून जबड्यापर्यंत गडद ओढायचं. लांबट आला की केसांच्या रेषेला आणि हनुवटीच्या टोकाला; बाजूंना हात लावायचा नाही, नाहीतर आधीच लांब, त्यात आणखी काकडी होते. कपाळ रुंद आणि खाली निमुळता असेल तर कपाळाच्या कडा दाबायच्या आणि हनुवटीला जरा उजेड द्यायचा. चौकोनी असेल तर जबड्याचे दोन्ही कोपरे मोडायचे. हे सगळं ब्रशने आणि स्पंजने. माझं बोट कुणाच्या तोंडाला लागत नाही. नवखी होते तेव्हा एका पाहुण्याच्या गालावर पुरळ उठलं आणि त्याने सगळ्यांदेखत माझ्या नखांना दोष दिला. तेव्हापासून कानाला खडा.

रात्रीच्या मुख्य बातम्या जी वाचते तिचा चेहरा चौकोनी. मी तिला चौकटच म्हणते, तेही तोंडावर. बाकीच्यांची ती मॅडम. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण खुर्चीत बसली की डोळे मिटून लहान पोरीसारखी मान टेकवते. मला ती आवडते. मला फार माणसं आवडत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मुख्य बातम्यांची ती जागा तिला सुखासुखी मिळालेली नाही. कुणी बघत नाही अशा वेळच्या बातम्या तिने कितीतरी वर्षं वाचल्या. आणि संपादकांचा कायदा एकच: पडद्यावर काही खटकलं की माणूस बदला. तिच्या आधीच्या बाईचा एक डोळा जरा बारीक दिसायला लागला, तर तिला दुपारच्या हवामानावर पाठवलं, आणि मग हवामानावरही ती दिसेनाशी झाली. चौकटला हे पाठ आहे. मलाही आहे. तिचा चेहरा दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे, ही तिची नोकरी, आणि तो तसा दिसेल हे बघणं ही माझी.

आता संशयाचं सांगते. सुरुवात डबीपासून झाली.

माझी गडद रंगाची डबी लवकर संपायला लागली. एरवी पुरायची त्याच्या निम्म्यात तळ दिसायचा. माझ्या मनात पहिलं नाव आलं सकाळच्या पाळीच्या मेकअपवालीचं. बाई गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांच्या पिशव्या तपासाव्यात, असं माझं मत आहे. पाळी बदलताना मी तिला दारातच धरलं.

"माझ्या डबीला कुणाचा तरी हात लागतोय," मी म्हणाले.

"मावशी, मी लावत नाही हो," ती म्हणाली. "माझे पाहुणे सकाळी उठून आलेले असतात. त्यांना तुमचा रंग लावला तर ते रात्रभर झोपलेच नाहीत असं वाटेल."

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला जास्तच खटकलं. मी डबी घरी न्यायला लागले. तरीही ती तशीच संपत राहिली. म्हणजे चोर माझ्याच हातात होता. मग मी हाताकडे लक्ष द्यायला लागले, आणि लक्षात आलं की चौकटच्या उजव्या जबड्याला मी नेहमीएवढा रंग देते आणि डाव्याला दोन हात जास्त. कधीपासून, ते मलाच सांगता येईना. रोज बातम्या चालू असताना बोळातल्या पडद्यावर बघायचं, डावा कोपरा जड दिसतोय असं वाटायचं, की दुसऱ्या दिवशी ब्रश आपोआप तिकडे जायचा.

मग मी लाईटवाल्याकडे गेले. तो शिडीवर होता. "डावा दिवा तू हलवलास," मी खालून म्हणाले.

"मावशी, ते दिवे छताला ठोकलेत. दिवा हलला तर छत हलेल."

"मग छत हलवलंस."

तो हसला. गोल चेहरा. मी विश्वास ठेवला नाही, शिडीवर चढून स्वतः बघितलं. दिवा होता तिथेच होता. खाली उतरताना गुडघा दुखावला तो वेगळाच.

तिसरा संशय चौकटवरच. हल्ली बायका गालांत, ओठांत सुया टोचून घेतात, आणि मग एक बाजू फुगते, एक नाही. दुसऱ्या कुणाकडे जाऊन चेहरा बदलून घेतेय आणि मला कळू देत नाही, असं मनात आलं आणि मला खरंच वाईट वाटलं. मी आडून आडून विचारलं. तिने डोळे उघडले नाहीत.

"मावशी, टोचून घेतलंच असतं, तर एकाच बाजूला घेतलं असतं का?"

"मला काय माहीत. अर्ध्या किमतीत मिळत असेल."

ती हसली, पण तोंड न उघडता. पूर्वी ही बाई खळखळून हसायची. पाणी कुठेतरी मुरतंय हे मला तेव्हा पक्कं कळलं, फक्त कुठे ते कळेना.

आणि त्याच आठवड्यात तिचा नवरा आला.

लांबट चेहरा, चष्मा, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. चौकट स्टुडिओत गेल्यावर तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच.

"मावशी, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा तर खरं. रागाचं मग बघू."

"इथून निघताना मेकअप पुसायची सोय नाही का?"

"आहे की. सगळे पुसून जातात."

"ती नाही पुसत." त्याने घसा साफ केला. "तशीच घरी येते. जेवते तशीच. मग दिवा बंद करून न्हाणीघरात जाते, अंधारात तोंड धुते, आणि उशीत तोंड खुपसून झोपते. सकाळी मी उठायच्या आत परत पावडर लावलेली. मी काही विचारलं की म्हणते, दमलेय." त्याने चष्मा काढून पुसला. "इथून ती आणखी कुठे जाते का?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे मला तसं वाटलं. अंधारात तोंड धुणारी बायको, डावा जबडा सुजलेला, आणि उजव्या हाताचा नवरा समोर उभा. समोरासमोर उभं राहून उजव्या हाताने मारलं की लागतं डावीकडेच. आणि आता हे महाशय बघायला आलेत, की मावशीला काही दिसलंय का. चोराच्या मनात चांदणं.

"ती कुठे जात नाही," मी म्हणाले. "आणि मला सगळं दिसतं, बरं का."

"काय दिसतं?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"वेळ आली की सांगेन."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. त्याला वाटत होतं मी तिचं काहीतरी लपवतेय, मला वाटत होतं तो स्वतःचं लपवतोय. दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी खाली स्वागतकक्षात येऊन बसायला लागला, भिंतीवरच्या पडद्यावर बायकोला बघत. पाळत ठेवायला आलाय मेला, असं मी मनात म्हटलं.

मी ठरवलं, वळ डोळ्यांनी बघायचा. बातम्या संपल्यावर चौकट पर्स घ्यायला खोलीत आली तेव्हा मी दार लावलं आणि कडीला पाठ लावून उभी राहिले.

"बस. आज मी पुसते."

"राहू द्या मावशी, उशीर होतोय."

"होऊ दे. त्याने मारलं तर मला सांगायचं, त्यात लपवायचं काय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीत बसली. मी कापसावर तेल घेतलं आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. रंग उतरला. वळ नव्हता. कातडी स्वच्छ, निळं नाही की लाल नाही. पण कापूस जबड्याच्या कोपऱ्यावरून सरळ जाईना, वर चढून खाली उतरत होता. इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते मी केलं. कापूस टाकला आणि उघडं बोट लावलं.

कानाच्या पाळीखाली, जबडा वळतो तिथे, गाठ होती. टणक. अक्रोड हाताला लागतो तशी. दाबली तर हलली नाही.

मी खुर्चीचा हात धरला.

"मला माहीत आहे," चौकट आरशातून म्हणाली. "दुखत नाही. मग काय करायचंय?"

"कधीपासून?"

"झाले काही महिने. आधी वाटाण्याएवढी होती."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर काय म्हणणार, कापा म्हणणार." ती अगदी बातम्या वाचते तशा आवाजात बोलत होती. "तिथूनच तोंडाची शीर जाते, मावशी. मी वाचलंय सगळं. कापताना तिला धक्का लागला तर अर्धं तोंड लोंबतं. डोळा मिटत नाही. लोंबत्या तोंडाने बातम्या वाचताना कुणी बघितलंय का तुम्ही? आधीच्या मॅडमचा तर नुसता डोळा बारीक झाला होता."

"म्हणून अशीच वाढू द्यायची?"

"फार नाही वाढलेली. तुम्ही दोन हात फिरवता आणि जाते. मी रोज पडद्यावर बघते ना. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवडणुकीचे दिवस आहेत, ते संपले की जाईन."

"नवऱ्याला सांग."

"तो त्याच दिवशी उचलून नेईल." आता तिने मागे वळून माझा हात धरला. "शपथ घ्या. कुणाला सांगायचं नाही. माझी शपथ."

मी घेतली. काय करणार, ती रडायला लागली होती, आणि तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. शिवाय त्या बिचाऱ्या लांबट माणसाला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटत होती. तो मारत नव्हता. त्याला वाटत होतं बायको हातची चालली, आणि तसं खरंही होतं, फक्त तो समजत होता तसं नाही.

त्यानंतर काही दिवस मी तिचा चेहरा केला. आता मला ठाऊक होतं मी काय रंगवतेय, आणि हात जड झाला. सगळ्यांत वाईट म्हणजे काम अप्रतिम होत होतं. गाठीच्या माथ्यावर गडद, कडेला त्याहून हलकं, मानेकडे विरत नेलेलं; पडद्यावर दोन्ही जबडे एका साच्यातले. संपादक जाता जाता म्हणाले, "मावशी, हल्ली मॅडम फार छान दिसतात." मला त्यांना ब्रश फेकून मारावासा वाटला. घरी मला झोप येईना. डॉक्टरांकडे कधी जातेस, असं मी रोज विचारायची, आणि ती रोज एक नवं कारण द्यायची. मग एकदा तिने डोळे मिटून म्हटलं, "आज अगदीच कळत नाहीये ना? कमी होतेय वाटतं." आणि मी दचकले. कमी होत नव्हती. माझा हात सुधारत होता.

दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली. मी फाउंडेशन लावलं, नाक सरळ केलं, कपाळाचे कोपरे मोडले. जबड्याकडे आले. उजवीकडे चौकोनी चेहऱ्याला द्यायचा तेवढा रंग दिला. डावीकडेही तेवढाच. एक हात कमी नाही, एक जास्त नाही. माझ्या आरशाचे दिवे समोरून पडतात, त्यांत उंचवटा सपाट दिसतो. स्टुडिओत दिवा बाजूने येतो. हे तिला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिने कधी विचार केला नव्हता, कारण तिथे ती माझा रंग चढवूनच गेली होती.

तिने डोळे उघडले. "आज लवकर झालं?"

"हात बसलाय आता."

आरशात तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मला माझीच सवय दिसली. तिने माझ्यावर असा संशय कधी घेतला नव्हता.

"मावशी, रोजचंच केलंत ना?"

"मग काय नवीन करणार?" मी म्हणाले आणि ब्रश धुवायला पाठ फिरवली. सांगायचं नाही अशी शपथ होती, झाकायचीच अशी नव्हती, असं मी स्वतःला बजावत होते. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तिची नोकरी मी माझ्या हाताने घालवत होते, आणि ती मला जन्मात माफ करणार नाही असं मला वाटत होतं.

बातम्या सुरू झाल्या. मी बोळात टांगलेल्या पडद्यासमोर उभी राहिले. ती समोर बघून वाचत होती तोवर निभावलं. मग कॅमेरा बदलला, तिने मान वळवली, आणि बाजूचा दिवा जबड्यावर पडला. गाठ तिच्या सावलीसकट दिसली. मलाही ती एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

संपादक त्यांच्या खोलीतून बाहेर आले. "मावशी, हे काय दिसतंय?"

"आहे ते दिसतंय," मी म्हणाले.

"काहीतरी करा. जाहिराती लागल्या की आत जा."

"नाही करणार."

त्यांनी मला असं कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ते उभेच राहिले. आणि जिन्यावरून पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या चढणारी. चौकटचा नवरा बोळाच्या तोंडाशी आला, चष्मा हातात, धापा टाकत. खालच्या पडद्यावर त्यालाही दिसलं होतं. तो माझ्या शेजारी भिंतीला टेकून पडद्याकडे बघत राहिला.

जाहिराती लागल्या तेव्हा स्टुडिओच्या काचेतून मी तिला बघितलं. तिने मान वर केली, समोरच्या पडद्यावर स्वतःला बघितलं. हात जबड्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आता उठून जाईल, असं मला वाटलं. ती उठली नाही. पाणी प्यायली. कॅमेऱ्यावरचा दिवा लाल झाला आणि तिने उरलेल्या बातम्या वाचल्या, एकही शब्द न अडखळता, मान वळवायची तिथे वळवून.

मग ती खोलीत आली आणि खुर्चीत बसली. मी दाराशीच थांबले. जे काही बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

ती आरशात बघत होती. तिथे काही दिसत नव्हतं, समोरचे दिवे होते ना.

"एवढी मोठी झालीय, मावशी?"

"हो."

"मला वाटायचं, तुमच्या दोन हातांनी जाते, म्हणजे असणार केवढीशी." तिने बोट गाठीवर ठेवलं. "तुम्ही झाकत होतात तोवर मी रोज बघायची आणि म्हणायची, बरी आहे की."

दोन हातच जास्त, असं मीही म्हणत आले होते, स्वतःशीसुद्धा. मी जवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर कुणीतरी घसा साफ केला.

तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुसा," ती म्हणाली. "सगळं पुसा. मग त्याला आत बोलवा."